मावशीने गाळलेलं वाक्य

मावशी अंगाने चांगली भरलेली बाई, आवाजही खणखणीत, आणि तरी रविवारी चर्चमध्ये ती सगळ्यांसमोर "मी आलो", "मी आजारी होतो", "मी बायकोला म्हणालो" असं बिनदिक्कत बोलायची. नवखी माणसं चपापून एकमेकांकडे बघायची. लहान पोरं खुदुखुदू हसायची आणि आयांचे चिमटे खायची. प्रकार साधाच होता. मंडळीच्या मागच्या बाकांवर ऐकू न येणारी काही माणसं बसत, आणि मावशी त्यांची दुभाषी होती. पाळकांचं बोलणं ती हातांच्या खुणांनी त्यांना सांगायची, आणि त्यांच्यापैकी कुणाला बोलायचं असलं की त्याच्या हातांचं बोलणं आपल्या तोंडाने सगळ्यांना ऐकवायची. या कामात "हे म्हणतात की ते आजारी होते" असं म्हणायची पद्धत नाही. सरळ "मी आजारी होतो" म्हणायचं. बोलणारा तो, दुभाष्याने मध्ये यायचं नाही.

मावशीला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तिची धाकटी बहीण जन्मापासून बहिरी. आईला कामातून मान वर करायला फुरसत नाही, तेव्हा मावशीच कळायला लागल्यापासून धाकटीचं तोंड झाली. दुकानात जाऊन "मला लाल रिबीन हवी" असं ही म्हणायची, आणि रिबीन धाकटीच्या वेणीत जायची. पुढे बहिऱ्या मुलांच्या शाळेत नोकरी लागली. तिथे दुभाष्याचं काम शिकायला येणाऱ्या मुलींना ती पहिल्याच दिवशी दम भरायची की बायांनो, तुम्ही नळ आहात. मागून येईल ते पुढे सोडायचं, त्यात साखर घालायची नाही आणि मीठही नाही. समोरचा थापा मारत असेल तर थापा पोचवा. खरंखोटं करायला देव बसलाय. असं ती म्हणायची आणि तशी वागायचीही, सोफेवाल्याचं प्रकरण उभं राहीपर्यंत.

सोफेवाला म्हणजे धाकटीचा नवरा. तोही बहिराच. जुन्या सोफ्यांना नवं कापड चढवायचा. तोंडात बारीक खिळे धरून एकेक काढत हातोडीने असा सरळ ओळीत ठोकायचा की बघत राहावं. लग्नाची बोलणी मावशीनेच केली होती, आणि तीही दोन्ही बाजूंनी. "मला मुलगी पसंत आहे" हेही तीच म्हणाली आणि "मला मुलगा पसंत आहे" हेही तीच. त्या दिवशी सगळं घर पोट धरधरून हसलं होतं. संसार काही वर्षं चांगला चालला, एक गोड पोर झाली. मग सोफेवाल्याला बाटलीची संगत लागली, आणि धाकटीचं दुखणं निघालं तसा हा पठ्ठ्या कामाचं निमित्त काढून दुसऱ्या गावी गेला तो गेलाच. ना पैसा, ना निरोप.

धाकटीचं सगळं मावशीने काढलं. शाळा, दवाखाना, पोर अशी तिहेरी धावपळ करताना तिने स्वतःकडे बघितलं नाही. नाही म्हणायला चिडचिड खूप केली, पण ती तिचा स्वभावच. धाकटी गेली. दफनाच्या वेळी सगळी मंडळी होती, सोफेवाला नव्हता. त्या दिवशी मावशीने मनाशी गाठ मारली की हा माणूस मेला तरी याच्या नावाने आपण डोळ्यांतून टिपूस काढणार नाही. पोर मावशीकडे आली, आणि पाहता पाहता मावशीचं एकटीचं घर पोरीच्या दप्तराने, मोज्यांनी आणि रंगखडूंनी भरून गेलं. मावशी ओरडायची, पसारा उचल म्हणायची, आणि पोर शाळेतून यायला जरा उशीर झाला तर जिन्यात येऊन उभी राहायची.

आणि मग एक दिवस सोफेवाला परत आला. वाळलेला, दाढी केलेला, शुद्धीत. दारू सुटली होती, निदान तो तसं सांगत होता. बाजारामागच्या गल्लीत त्याने एक खोली घेतली, काम सुरू केलं आणि पाळकांच्या दारात जाऊन उभा राहिला. आजारी बायकोला टाकून गेला म्हणून मंडळीने त्याला प्रभुभोजनापासून, म्हणजे चर्चमधल्या मेजावरच्या भाकरी-द्राक्षरसापासून, दूर ठेवलं होतं. परत घ्यायचं तर मंडळीने नेमलेल्या पंचांसमोर येऊन उत्तरं द्यावी लागत. त्याचं मागणं एवढंच होतं की मला पुन्हा प्रभूच्या मेजाशी येऊ द्या, आणि रविवारी उपासनेला माझी पोर माझ्या शेजारी बसू द्या.

हे मावशीच्या कानावर आलं. आज शेजारी बसेल, उद्या हात धरून घरी घेऊन जाईल, हे तिला लख्ख दिसत होतं. पाळक भले माणूस. त्यांनी विचारलं की तुम्हाला जड जाणार असेल तर बाहेरगावाहून कुणी दुभाषी मिळतो का बघू. मावशी म्हणाली, काही गरज नाही, काम ते काम. तिथेच तिने नाही म्हणायला हवं होतं. पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून याची रडगाणी पंचांच्या कानी जाणार आणि आपल्याला बाहेर बसावं लागणार, हे तिला सोसणारं नव्हतं.

पंच चर्चमागच्या खोलीत बसत. लांब टेबल, कुरकुरणारा पंखा, पाण्याचा जग. मधल्या खुर्चीत हेडमास्तर. निवृत्त होऊन जमाना झाला तरी समोर येणारा प्रत्येक जण गृहपाठ न करता आलाय अशाच नजरेने ते बघत. त्यांच्या डाव्या हाताला नर्सबाई, आयुष्यभर वॉर्डात काढलेली म्हातारी, कमी बोलणारी. कडेला पाळक आणि आणखी दोघं. सोफेवाल्याला लिहायला सांगावं तर त्याचं शिक्षण उशिरा सुरू होऊन लवकर संपलेलं. कापडाची मापं आणि स्वतःची सही यापलीकडे त्याची मजल नव्हती. तेव्हा जे काय व्हायचं ते मावशीच्या तोंडून.

सुरुवातीचं तिने चोख केलं. दारू कधी लागली, किती दिवस प्यायलो, काम कसं गेलं, कुठे झोपलो, सगळं "मी, मी" करत सांगितलं, आणि सांगताना तिला एक कडवट मजाही वाटली. मग हेडमास्तरांनी विचारलं की बायको शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा तुम्ही एकदाही का आला नाहीत?

सोफेवाल्याचे हात थोडा वेळ मांडीवरच राहिले. मग तो बोलू लागला. मी एकदा आलो होतो, त्याचे हात म्हणाले. प्यायलेला होतो म्हणून आत जायला धीर झाला नाही. वॉर्डाच्या दाराला काच आहे, तिथून पाहत उभा राहिलो. तू खाली औषधं आणायला गेली होतीस. तिने मला पाहिलं. तिने खुणेने सांगितलं, रागावले नाहीये, घरी जा, जेवून घे. मी घरी गेलो नाही, परत प्यायला गेलो. ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेवटी शेवटी धाकटीला हात उचलवत नव्हते, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पाण्याचा पेला ती स्वतः तिच्या ओठांना लावत होती. आणि हा सांगतोय की धाकटी खुणा करून बोलली. मेलेल्या बाईच्या हातात हवी ती वाक्यं घालतोय, तीही स्वतःला माफी देणारी. असलं खोटं मी माझ्या तोंडात घेणार नाही, असं तिला वाटलं. खरं तर वाटायलाही वेळ नव्हता. पंच तिच्याकडे बघत होते.

"मी आलो नाही," मावशी म्हणाली. "माझी चूक झाली."

हेडमास्तरांनी मान डोलावली, त्यांना याचीच अपेक्षा होती. नर्सबाईंनी मात्र एकदा सोफेवाल्याच्या हातांकडे आणि एकदा मावशीकडे बघितलं. एवढं लांबलचक बोलणं आणि एवढंसं उत्तर. पण त्या काही बोलल्या नाहीत. पंचांनी ठरवलं की तूर्त घाई नको. सोफेवाल्याने मागच्या बाकावर बसून उपासना ऐकावी, मेजाशी येऊ नये, आणि पोरीला त्याच्यापासून लांबच ठेवावं, कारण ज्याला बायकोच्या मरणाचंही काही वाटलं नाही त्याचा भरवसा काय. मावशीने हे सगळं हातांनी त्याला सांगितलं. हा भाग तिने अगदी अचूक पोचवला.

बाहेर अंगणात सोफेवाल्याने तिला गाठलं. आता हा गळा काढणार म्हणून ती तयारीतच होती. पण त्याने कपाळावर दोन बोटं टेकवली. ते मावशीचं नाव. बहिरी माणसं ओळखीच्या प्रत्येकाला खुणेचं एक नाव देतात. मावशीच्या कपाळाला कायम आठी, म्हणून हे. ठेवलेलं धाकटीने. मग तो म्हणाला की तुझे उपकार आहेत. माझी ती गोष्ट तुला स्वतःच्या तोंडाने बोलावी लागली. तुला किती जड गेलं असेल मला कळतं. त्यांचा विश्वास बसला नाही ते ठीकच आहे, पण निदान त्यांच्या कानांवर गेलं.

मावशीने मान हलवली आणि पिशवी सावरत तिथून सटकली. रस्ताभर ती स्वतःशी भांडत राहिली. मी काय चूक केलं, तो खोटारडाच आहे, आणि समजा नसला तरी काय मोठं बिघडलं. घरी येऊन तिने पोरीला विनाकारण चार शब्द सुनावले. मग तिला जवळ घेतलं. पोर म्हणाली, मावशी, तू सोड ना, मला चित्र काढायचंय.

पुढचा आठवडा वाईट गेला. शाळेत एका शिकाऊ मुलीने एक वाक्य अर्धवट सांगितलं, तर मावशी रागावायला उठली आणि काही न बोलता खाली बसली. तिला सारखं तेच आठवत होतं. तो खरं बोलला की खोटं, हे शोधून काढायला काही मार्ग नव्हता. वॉर्डातल्या कुणाला खुणा कळत नव्हत्या, ते काय सांगणार. धाकटी तर सांगणारच नव्हती. आणि रात्रंदिवस डोकं पिकवूनही मावशीला हे सांगता येईना, की त्या दिवशी ती खाली किती वेळ होती आणि धाकटीच्या हातात किती जोर उरला होता. तिला फक्त एक गोष्ट ठाऊक होती. पंचांनी त्याचा न्याय केला असं सगळे समजत होते. पण पंचांच्या आधी तिने तो करून टाकला होता, आणि त्यांच्यापुढे उरलंसुरलं ठेवलं होतं.

रविवारी ती नेहमीसारखी पुढे उभी राहिली. सोफेवाला शेवटच्या बाकावर, धुतलेल्या शर्टात. पोर पुढे तिसऱ्या रांगेत, मैत्रिणीला कोपराने ढोसत. प्रभूने शिकवलेली प्रार्थना सुरू झाली. ही प्रार्थना मावशी झोपेतसुद्धा हातांनी म्हणेल. पण "जशी आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली तशी तू आम्हांला कर" हे क्षमेचं वाक्य आलं आणि तिचे हात छातीशीच थांबले. मंडळी तोंडाने पुढे गेली, आमेनपर्यंत पोचली. मागच्या बाकांवरची माणसं मात्र डोळे उघडे ठेवून तिच्या हातांकडे बघत राहिली, ते वाक्य येईल म्हणून. त्यांना ते मिळालं नाही. सोफेवाला तिला काळजीने खुणावत होता, बरं नाही वाटत का, पाणी आणू का?

उपासना संपल्यावर मावशी पाळकांच्या खोलीत गेली आणि दार लावून सगळं सांगून टाकलं. पाळकांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले की हे मला सांगून भागणार नाही, सोफेवाल्यासमोर आणि पंचांसमोर सांगावं लागेल. ती म्हणाली, तर मग दुसरा दुभाषी आणा. पाळक म्हणाले की आणू हवा तर, पण तुमचं सांगणं तुम्हीच केलेलं बरं, नाही का? मावशीला त्यांचा राग आला, कारण ते बरोबर बोलत होते.

पुन्हा तीच खोली, तोच कुरकुरणारा पंखा. या वेळी मावशी बसली नाही. हेडमास्तरांनी बसायला सांगितलं तरी उभीच राहिली. एकाच वेळी तोंडाने आणि हातांनी ती बोलू लागली, म्हणजे पंचांनाही कळावं आणि त्यालाही. आधी गाळलेलं वाक्य सांगितलं, त्याचं "मी" धरूनच: मी आलो होतो, काचेतून पाहिलं, ती म्हणाली रागावले नाहीये, घरी जा, जेवून घे. मग स्वतःचं.

"हे मी तुमच्यापर्यंत येऊ दिलं नाही. खरं की खोटं मला आजही ठाऊक नाही. पण ते त्यांचं होतं, मी ते गिळलं. पोर माझ्याकडून जाईल ही भीतीही होती. होती म्हणजे, आहे."

सोफेवाल्याचा चेहरा आधी समजलाच नाही असा होता, मग समजत गेला. अंगणात आपण कशाबद्दल उपकार मानले होते, हे त्याला आत्ता कळत होतं. तो उभा राहिला. खुर्ची मागे पडली, तिचा आवाज त्याला सोडून सगळ्यांना ऐकू आला. त्याचे हात जोरात चालू लागले. मावशीने घसा साफ केला आणि बोलू लागली. दुसरं कोण बोलणार होतं?

"मला हिचा संताप आलाय," मावशी म्हणाली. "माझ्याजवळ माझ्या बायकोचं तेवढंच उरलं होतं. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. हिच्या हातात दिलं, आणि हिने ते फेकून दिलं. मला वाटलं होतं, इथे माझं ऐकून घेतलं गेलं." ती थांबली, पाणी प्यायली, आणि त्याचे हात जसे पुढे गेले तशी तीही गेली. "पण मी इथे माफी मागायला आलोय. मी केलं ते हिच्यापेक्षा वाईट आहे. मी मागतो आणि हिला देत नाही, असं कसं करू? मी हिला क्षमा करतो. राग गेलेला नाही. तरी करतो."

 मग हेडमास्तर टेबलावर पुढे झुकले. त्यांचा आवाज कठोर नव्हता, पण प्रश्न कठोर होता.

"मावशी, गेल्या खेपेला तुम्ही तुमच्या सोयीचं सांगितलंत. आज तुमच्याच तोंडून तुम्हाला माफी मिळतेय. हे ते म्हणताहेत की तुम्ही, आम्ही कसं ओळखायचं?"

 मावशीने तो प्रश्न जसाच्या तसा हातांनी सोफेवाल्याला सांगितला. तिची आता पत राहिली नव्हती, आणि तिच्यामुळे त्याचीही. तो खरं बोलला तरी ते तिच्याच तोंडून येणार होतं.

सोफेवाला हेडमास्तरांकडे वळलाच नाही. तो मावशीकडे बघत राहिला. मग त्याने अगदी हळू, एकेक खूण सुटी करत तिला काहीतरी विचारलं. मावशीचा रंग उडाला. क्षणभर वाटलं की ती आजही गप्प बसणार. पाळकही खुर्चीत पुढे सरकले.

"ती माझी वाट पाहायची का?" मावशी म्हणाली.

ते बोलून झाल्यावर सगळे तिच्याकडे बघू लागले, कारण प्रश्न तिलाच होता. तिने हात वर केले. तोंडानेही बोलली, पण इतकं हळू की पंख्याखाली ते जेमतेम ऐकू आलं.

"हो. दार वाजलेलं तिला ऐकू यायचं नाही, म्हणून ती दारावरून नजरच काढायची नाही. रोज मला विचारायची. मी तिला म्हणाले, तो तुला विसरलाय, येणार नाही, वाट बघू नकोस." पुढचं फक्त हातांनी झालं, आणि मग तिला भान आलं, तेव्हा तिने तेही तोंडाने म्हटलं. "शेवटी शेवटी ती विचारायची बंद झाली."

नर्सबाईंनी डोळे मिटले. हेडमास्तर मागे टेकले. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळालं होतं. असला प्रश्न कुठलीही बाई स्वतःसाठी बनवून विचारत नाही, आणि असलं उत्तर तर नाहीच नाही.

सोफेवाला खाली वाकला. पडलेली खुर्ची त्याने उचलली, पण तिच्यावर बसला नाही, तिची पाठ घट्ट धरून उभा राहिला. जुनं कापड होतं त्या खुर्चीला, कडेने उसवलेलं. तो रडत होता. बहिऱ्या माणसाच्या रडण्याचा आवाज मोठा असतो, तो त्याला स्वतःला ठाऊक नसतो. मावशी हात खाली सोडून समोर उभी होती. आता हा दिलेलं परत घेईल, असं तिला वाटत होतं, आणि घेतलं तर तेही आपल्यालाच सगळ्यांना मोठ्याने सांगावं लागेल, हेही तिला कळत होतं. ते सांगायची तिने तयारी केली. तिने ओठांवरून जीभ फिरवली.

बऱ्याच वेळाने त्याने खुर्चीवरून एक हात सोडवला आणि त्या एकाच हाताने थोडंसं बोलला.

"काय म्हणताहेत?" हेडमास्तरांनी विचारलं. त्यांच्या आवाजातला शिक्षक कुठे गेला होता कोण जाणे.

मावशीला दोनदा सुरुवात करावी लागली.

"मी आधीच बोललोय," ती म्हणाली. "ते परत घेणार नाही."

पाळकांनी रुमाल काढला. हेडमास्तरांनी इतर पंचांकडे पाहिलं, नर्सबाईंनी होकाराची मान हलवली. मग हेडमास्तर सोफेवाल्याकडे तोंड करून, त्याला ऐकू येतंय असं समजून, सावकाश म्हणाले की येत्या रविवारी तुम्ही मेजाशी या, आणि तुमची पोर तुमच्या शेजारी बसेल.

मावशीने हात उचलले आणि ते वाक्य, होतं तेवढं सगळं, त्याला सांगितलं.